रबरी बास्केटबॉल, सहा नंबर : पोरींच्या घरी राहून आलेल्या बॉलचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा मॅचच्या बॉलचा रिव्ह्यू नाही. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या मॅचेसमध्ये दिसतो तो मोल्टन कंपनीचा बारा पट्ट्यांचा बॉल लाकडी फ्लोअरवाल्यांसाठी, आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला शाळेचं कोर्ट म्हणजे सिमेंटचा कोबा, एका बाजूला जांभ्याचा गडगा आणि दुसऱ्या बाजूला काजूची झाडं. मी लिहितेय ते साध्या रबरी बॉलबद्दल, पाचशे-सहाशेच्या घरातला, कुडाळ-सावंतवाडीला खेळाच्या दुकानात जाळीत टांगलेला असतो तो. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. आमच्या पोरींकडे तीन-चार वेगवेगळ्या नावांचे आहेत आणि खरं सांगू, मला तरी हाताला फरक कळला नाही.

मी शाळेत मराठी शिकवते, संध्याकाळी मुलींचा बास्केटबॉल घेते आणि रात्री जमलं तर लिहिते, दिवाळी अंकांत वगैरे येतं अधूनमधून. घरात नवरा, सासूबाई आणि नववीतला मुलगा, ज्याला बास्केटबॉलमध्ये काडीचा इंटरेस्ट नाही. हे सगळं इथे कशाला, तर या बॉलने या तिन्ही ठिकाणी लुडबुड केलीय, म्हणून.

आता मुद्दा. बहुतेक शाळांत काय असतं माहितीय ना, चांगले दोन बॉल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडे, पाच वाजता बॉल बाहेर आणि सहाला मोजून परत आत. एका तासात बारा पोरी आणि दोन बॉल, म्हणजे हिशोबाने एकीच्या हाताला दहा मिनिटं, त्यातही ज्या दांडग्या त्यांना पंधरा आणि ज्या लाजऱ्या त्यांना पाच. यात कोच कितीही भारी असू दे, काय होणार? म्हणून आम्ही ठरवलं की महागडा तिसरा बॉल घ्यायचा नाही, त्या पैशात रबरी घ्यायचे आणि प्रत्येकीला एकेक घरीच द्यायचा. थोडे पालकांनी घातले, थोडे गणपतीला आलेल्या चाकरमान्यांकडून काढले (मोदक खाताना माणूस नाही म्हणत नाही). तर हा रिव्ह्यू त्या दृष्टीने वाचा. बॉल घरी पाठवला तर टिकतो का, एवढंच मी बघितलंय.

सगळ्यात आधी साइझ, कारण गडबड इथेच होते. दुकानात बास्केटबॉल मागितला की बहुतेक वेळा सात नंबर हातात ठेवतात. सात नंबर पुरुषांचा, वजन साधारण 600 ग्रॅम. मुलींचा सहा नंबर, साधारण 530 ग्रॅमचा आणि घेराला तीनचार सेंटीमीटरने कमी. बारा वर्षांखालच्या पोरांना पाच नंबर, तो 500 ग्रॅमच्या आत. ऐकायला फरक किरकोळ वाटतो पण आमच्या कोर्टावर रिंग सगळ्यांना तेवढीच उंच, 3.05 मीटर, आणि सातवीतली पोरगी सात नंबर घेऊन तिथवर पोचवायला बघते तेव्हा ती शॉट मारत नाही, कमरेतून भिरकावते. ती सवय एकदा लागली की काढता काढता आपली कंबर मोडते. एका दुकानदाराने तर मला सरळ सांगितलं, मॅडम, वाढत्या अंगाचा घ्या, पुढे उपयोगी पडेल. युनिफॉर्म आहे का तो! नंबर बॉलवरच छापलेला असतो, तो बघूनच घ्या.

हवा. बऱ्याच बॉलवर 7 ते 9 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेलं असतं, आपल्याकडे मोजतंय कोण, पण सोपी टेस्ट आहे. 1.8 मीटरवरून, म्हणजे उंच माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवरून बॉल नुसता सोडायचा, ढकलायचा नाही. उसळल्यावर बॉलचा वरचा भाग साधारण 1.2 ते 1.4 मीटरमध्ये आला तर हवा बरोबर. हे घट्ट जमिनीवर. आणि दुपारी उन्हात पडलेला बॉल दगडासारखा लागतो तो आतली हवा तापल्यामुळे, तेव्हा त्यात अजून हवा मारू नका आणि काढूही नका, सावलीत ठेवा, येतो ताळ्यावर. एक गोष्ट मात्र चांगली आहे, आतला ब्लॅडर, म्हणजे हवेचा फुगा, ब्युटाइल रबरचा असेल तर हवा टिकते, आमच्यातले बरेच बॉल महिना-महिना पंपाशिवाय चालतात.

कोकणात कसा टिकतो? इथे रिंग गंजते, बोर्डाचे नटबोल्ट गंजतात, जाळी एका पावसाळ्यात कुजून लोंबायला लागते. त्या मानाने रबराला खाऱ्या हवेचं काही वाटत नाही. लेदरचा बॉल इथे आणणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं, ओल लागली की जड होतो आणि बुरशी धरतो. रबरी बॉल चिखलात लोळू दे, लाल मातीत लोळू दे, नळाखाली साबणाने धुतला की झाला. पण वरचे ते बारीक दाणे असतात ना ग्रिपचे, ते कोब्यावर आणि जांभ्यावर घासून एका सीझनमध्ये गुळगुळीत होतात आणि मग घामट हातातून बॉल साबणाच्या वडीसारखा सटकतो. हा खरा तोटा आहे. दुसरा तोटा, नवीन असताना वास. सायकलच्या टायरच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटतं पहिले काही दिवस. तिसरा म्हणजे फुगवटा. आमच्या काही बॉलना एका बाजूला टेंगूळ आलं, आतलं नायलॉनचं दोऱ्याचं वेष्टन कुठेतरी तुटलं की असं होतं, जास्त हवा भरल्याने नाहीतर बॉलवर बसल्याने. पोरी बॉलवर बसतातच, कितीही ओरडा. दुकानदाराने एक बदलून दिला, पुढच्याला हात वर केले.

आता घरी राहून आल्याचा भाग, ज्यासाठी एवढं टाइप करतेय.

पहिला बॉल मी आमच्याच घरी आणला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगो, ह्यो फुटबॉल खंयसून हाडलंस?" आम्ही हसलो, पण त्या अगदीच चुकीच्या नव्हत्या. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्डला नेस्मिथ नावाच्या मास्तरने हा खेळ काढला तेव्हा पहिली मॅच फुटबॉलनेच झाली होती. पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकलेल्या, आणि तो कठडा दहा फुटांवर होता म्हणून आजही जगभर रिंग दहा फुटांवर आहे. टोपलीला बूड होतं, बॉल आत गेला की वर जाऊन काढायचा. म्हणजे खेळ सुरू झाला तो हाताशी होतं त्या सामानावर. आणि वर्ष-दीड वर्षात सेंडा बेरेन्सन नावाच्या बाईंनी स्मिथ कॉलेजच्या मुलींना तो शिकवायला सुरुवात केली. हे मी पोरींना सांगते कारण आमच्याकडे अजून "मुलींनी लंगडी-खोखो खेळावं" म्हणणारे काका आहेत.

तर बॉल घरोघरी गेले. आणि तिथे काय झालं, तर मला काहीच माहीत नाही. हीच त्यातली गंमत आहे. मी तिथे नसते. वाडीवरची एक मुलगी, तिच्या घरापुढे शेणाने सारवलेलं खळं, त्या खळ्यात बॉल उसळतच नाही, कमरेपर्यंत आणायचा तर मनगटातून जोर काढावा लागतो. ती रोज तिथेच टप्पे मारायची. शेजारचे आजोबा तक्रार घेऊन शाळेत आले, "दिवसभर दणदण दणदण, झोपाक देणा नाय ह्या चेडू!" मी त्यांना चहा पाजला आणि मनातून जाम खूश झाले. ती पोरगी कोब्यावर आली की बॉल तिच्या हाताला दोरी बांधल्यासारखा राहतो. मी तिला ड्रिबलिंगमधलं, म्हणजे टप्पे मारत बॉल नेण्यातलं, जे शिकवलं ते दोन वाक्यांत संपेल, बाकीचं खळ्याने शिकवलं. कोचने हे मान्य करायला जरा जड जातं, पण असतं तसंच.

याचा एक फायदा असा झाला की माझं बोलणं कमी झालं. टाइमआउट, म्हणजे मॅच थांबवून कोचला बोलायला मिळतं ते, एक मिनिटाचा असतो, त्यात पोरी धापा टाकत येऊन पाणी पितात तेवढ्यात अर्धा संपतो, उरलेल्या अर्ध्यात एक वाक्य डोक्यात जातं, दोन नाही. जिल्ह्याला ओरोसला मी समोरच्या टीमचे सर बघितले, पूर्ण मिनिट हातवारे करून बोलत होते, पोरी मान डोलवत होत्या आणि डोळे वडापावच्या गाडीकडे. ज्या पोरीने घरी हजार टप्पे मारलेत तिला "डावीकडून जा" एवढं पुरतं. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचा कोच जॉन वुडन, ज्याने 1964 ते 1975 या बारा वर्षांत दहा वेळा कॉलेजची चॅम्पियनशिप जिंकली, तो म्हणे पहिल्या दिवशी खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवायचा, सुरकुती राहिली की फोड येतो म्हणून. गडी आधी शाळेत इंग्रजीचा मास्तर होता, मला ते लगेच पटलं, भाषेच्या मास्तरांना असलंच सुचतं. आमच्या दमट हवेत तर मोज्यांचा धडा आधी आणि ले-अप (पळत जाऊन रिंगजवळून मारायचा शॉट) नंतर.

लिखाणाचंही सांगते, थोडक्यात. माझ्याकडे कुणीतरी दिलेली चामडी कव्हरची डायरी आहे, जाड क्रीम कागद, रेशमी फीत. ती वर्षानुवर्षं कपाटात आहे, कारण तिच्यात लिहायचं म्हणजे काहीतरी ग्रेट लिहायला हवं ना. जे काही छापून आलंय ते सगळं मुलाच्या जुन्या वह्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय, एका बाजूला त्याची अपूर्णांकांची गणितं आणि दुसऱ्या बाजूला माझी गोष्ट. त्या वहीला भात शिजेपर्यंत ओट्यावर ठेवता येतं, आमटीचा डाग पडला तरी चालतो, खोडलं तरी वाईट वाटत नाही. पोरींच्या हातात रबरी बॉल बघितला तेव्हाच मला डायरी का चालत नाही ते कळलं. आणि संपादकाकडे गोष्ट पाठवली की तिच्यामागे जाऊन "इथे मला असं म्हणायचंय" असं सांगायचं नाही हेही मी टाइमआउटच्या बाकावरच शिकले.

आता आमचे चिरंजीव. मी त्याला एकदाही खेळ म्हटलं नाही. बॉल पडवीत पडलेला असायचा, हा त्याच्यावर बसून मोबाइल बघायचा (टेंगूळ कुठून आलं ते आता कळलं असेल). मग एक दिवस सायकलच्या पंपाला प्रेशरचं मीटर जोडून बसलेला दिसला. त्याला बॉल बास्केटमध्ये टाकण्यात रस नाही, त्यात किती हवा आहे यात आहे. आता रविवारी सकाळी पोरी आपापले बॉल घेऊन आमच्या पडवीत येतात, हा प्रत्येकाचं प्रेशर मोजतो, वहीत लिहितो, आणि कुणाचा कमी भरला तर पिन कुठे वाकडी गेली त्यावर लेक्चर देतो. सासूबाई सगळ्यांना कोकम सरबत देतात आणि अजूनही फुटबॉलच म्हणतात. नवरा म्हणतो, आपल्या घराचं पंक्चरचं दुकान झालंय. मी त्यावर काही बोलत नाही. पोरगा कधी नव्हे तो पोरींशी दोन वाक्यं सलग बोलतो, मोबाइल आत राहतो, यात कोचने मध्ये पडायचं कारण नाही.

असो. घ्यावा कुणी? शाळा, वाडीतली मंडळं, ज्यांच्या घरी खळं, अंगण, गच्ची काहीही आहे असे पालक, सगळ्यांनी. पैसे थोडे असतील तर एक भारी घेण्यापेक्षा असे चार घ्या. कुणी घेऊ नये? ज्यांना विभागीयला कोल्हापूरला जायचंय त्यांनी स्पर्धेच्या आधी महिनाभर तरी चांगल्या कंपोझिट (कृत्रिम लेदरच्या) बॉलवर हात बसवावा, कारण रबरी बॉल जास्त उसळतो आणि रिंगला लागला की लांब उडतो, रिबाउंडचा, म्हणजे परत येणाऱ्या बॉलचा, अंदाज चुकतो. तेवढ्यासाठी शाळेचं कपाट उघडा. पावसाळ्यात शेवाळलेल्या कोब्यावर कुणाला पळवू नका, तेव्हा पडवीत बसून दोन्ही हातांनी टप्पे, बस.

मार्क द्यायचे तर पाचात चार. एक कापला तो ग्रिपचा.

ऑनलाइन घेऊ नका असं नाही, पण आमच्याकडे पार्सलमधून बिनहवेचा चपटा बॉल येतो आणि तो गोल आहे की अंडाकृती ते भरल्यावरच कळतं. दुकानात घ्या, तिथल्या तिथे हवा भरून फरशीवर हळूच फिरवा, डगमगला तर दुसरा मागा. पिन घालताना ओली करून घाला, कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो. आणि पिना दोनचार जास्तीच्या मागून घ्या, बॉल घेतलात तर दुकानदार सहसा त्याचे वेगळे पैसे लावत नाही.