इच डॉट आयओ: गेम घ्या, आणि पैसे त्या माणसालाच द्या

गेम घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे अजून तेच, मोठ्या कंपनीचा, नावापुढे पाचवा नाहीतर सहावा भाग लिहिलेला, कन्सोलवर पाच हजाराच्या घरात आणि डाउनलोडला शंभर जीबी. मीही कित्येक वर्षं हेच घेत आले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पहिल्यांदा इच डॉट आयओ या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेले आणि आता गेमवर खर्च होणारा जवळजवळ सगळा पैसा तिकडेच जातो, म्हणून सविस्तर लिहितेय.

हे दुकान लीफ कॉर्कोरन नावाच्या प्रोग्रॅमरने २०१३ मध्ये सुरू केलं. कुणीही फुकट पान उघडायचं, आपला गेम टाकायचा, किंमत आपणच ठरवायची, शून्य ठेवली तरी चालते. स्टीम या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात एक गेम टाकायला आधी १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतले साधारण ३० टक्के दुकान घेतं. इथे दुकानाला किती टक्के द्यायचे ते बनवणाराच ठरवतो, सुरुवातीला १० वर लावलेलं असतं, पण त्याने शून्य केलं तरी दुकान त्याचा गेम ठेवतं. मला तर हे वाचून आधी खरंच वाटलं नव्हतं.

खरी गंमत डाउनलोडच्या बटणात आहे. बरेच गेम फुकट असतात, पण बटण दाबलं की एक छोटी चौकट उघडते, तुम्हाला योग्य वाटेल तेवढे पैसे द्या म्हणून, आणि त्याच्या वर बारीक अक्षरात लिंक असते की नको, मला सरळ डाउनलोडकडे न्या. सुरुवातीला मी दरवेळी ती बारीक लिंकच दाबायचे. मग एकदा एक गेम संपवून परत त्याच्या पानावर आले तर खाली बनवणारीने लिहिलेलं, ऑफिसची नोकरी सांभाळून रात्री बसून केलाय, कुठे अडकलात तर सांगा. तेव्हापासून ती लिंक दाबायला हात जात नाही. एक मात्र लक्षात ठेवा, पेमेंटचा चार्ज प्रत्येक व्यवहाराला वेगळा कापला जातो, त्यामुळे एक-एक डॉलर तीनदा देण्यापेक्षा एकदाच तीन दिले तर त्या माणसाच्या हातात जास्त पडतात.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर 'अ शॉर्ट हाइक'. कॅनडातल्या अ‍ॅडम रॉबिन्सन-यू याने जवळजवळ एकट्याने बनवलेला, २०१९ चा. क्लेअर नावाचा एक पक्षी असतो, फोनला रेंज मिळावी म्हणून डोंगराच्या टोकावर जायला निघतो, एवढीच गोष्ट. वाटेत सोनेरी पिसं गोळा करायची, जितकी पिसं जास्त तितकं वर चढता येतं, आणि एकदा वरून पंख पसरून खाली तरंगत आलात की बास, पुन्हा चढावंसं वाटतं. दोन तासात संपतो आणि कुणालाही मारायचं नाही. माझ्या आईने बाजूला बसून पूर्ण बघितला, आणि आमच्या आईला गेम म्हणजे डोळे बिघडवायचा धंदा वाटतो.

हा गेम मला बंडलमध्ये, म्हणजे एकाच किमतीत मिळणाऱ्या गठ्ठ्यात मिळाला. जून २०२० मध्ये वांशिक न्यायासाठी इचवर एक बंडल निघालं होतं, कमीत कमी ५ डॉलर आणि त्यात १,७४१ वस्तू, सगळ्या बनवणाऱ्यांनी स्वतःहून दिलेल्या, आणि ८० लाख डॉलरच्या वर निधी जमला. तुम्ही असं मोठं बंडल घेतलंत तर घाबरू नका, सगळं आपोआप लायब्ररीत येत नाही, बंडलच्या पानावर जाऊन हवा तो गेम एकेक करून उघडावा लागतो. मला दोन दिवस वाटत होतं पैसे गेले.

आता अडचणी. किमती डॉलरमध्ये, त्यामुळे कार्डवर परदेशी व्यवहार चालू करून ठेवावा लागतो, माझ्या बँकेने पहिल्यांदा तीनदा पेमेंट नाकारलं आणि कस्टमर केअरवर अर्धा तास गेला. सर्च कच्चा आहे, अर्धवट गेमचा ढीग पुढे येतो, म्हणून टॉप रेटेडमध्ये जाऊन टॅग लावून शोधा. आणि जुलै २०२५ मध्ये पेमेंटवाल्या कंपन्यांच्या दबावाखाली इचने अडल्ट गेम सर्चमधून एका फटक्यात काढले, बनवणाऱ्यांना आधी कळवताही आलं नाही. ज्यांचं महिन्याचं भाडं त्यावर होतं त्यांचं काय झालं असेल याचं मला फार वाईट वाटलं. मुलांना देणार असाल तर गेम तुम्ही स्वतः निवडून द्या हे वेगळं सांगायला नको.

माझा भाचा बारावीनंतर गोडो शिकला, ते फुकटचं सॉफ्टवेअर आहे गेम बनवायचं, आणि इचवरच्या एका गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमात, ४८ तासात एक छोटासा गेम करून टाकला. कुणी बघेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी अनोळखी माणसाची कमेंट, उडी मारल्यावर माणूस जरा उशिरा खाली येतो, तेवढं बघ, बाकी मस्त. पठ्ठ्याने रात्री दोन वाजता उठून ते दुरुस्त केलं आणि मला झोपेतून उठवून म्हणाला, मावशी, आता उडी मारून बघ! मोठ्या कंपनीचा गेम खेळून त्याच्या चेहऱ्यावर हे कधी आलं नव्हतं.

आपल्याकडेही असं काम होतंय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी', २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे जमले नाहीत तरी त्यांनी सोडला नाही, २०२० मध्ये आणला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकन मिळवलं. तो स्टीमवर आहे, तिथून घ्या, पण घ्या. पुण्यातल्याच किती जणांना माहीत नाही हे ऐकून मला दरवेळी चुटपुट लागते.

मी पगार झाला की ३०० रुपये बाजूला काढते, एक गेम घेते, खेळून झाला की रेटिंग देते आणि दोन ओळी लिहिते, लहान बनवणाऱ्याला त्या दोन ओळींमुळे पुढचे दहा जण मिळतात. मग ग्रुपवर लिंक टाकते.

पाचपैकी साडेचार. अर्धा सर्चचा कापला.