मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी: फाइव्ह-ऑन-फाइव्ह की थ्री-बाय-थ्री?

सरावाला सहा-सातच मुली येत असतील, तर फाइव्ह-ऑन-फाइव्हचा हट्ट सोडा, थ्री-बाय-थ्री खेळवा. चौघींचा संघ (तिघी कोर्टवर, एक राखीव), अर्धं कोर्ट, 10 मिनिटं किंवा 21 गुण. शॉटसाठी 24 ऐवजी 12 सेकंद. बास्केट झाली की टाळ्यांनाही उसंत नाही. बचाव करणारीने जाळीखालचा चेंडू उचलून थेट कोर्टवर आखलेल्या कमानीबाहेर न्यायचा. सामना सुरू असताना प्रशिक्षकाला सूचना देता येत नाहीत, मुलीच निर्णय घेतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

बारा जणी जमत असतील, तर मात्र पूर्ण कोर्टच. फास्ट ब्रेक (चेंडू मिळताच वेगाने केलेली चढाई), झोन डिफेन्स (प्रत्येकीने आपापला भाग राखण्याचा बचाव), 40 मिनिटांचा दमसास तिथेच कमावला जातो. ऑलिंपिकमध्ये महिला 1976 पासून हाच प्रकार खेळतात; थ्री-बाय-थ्री थेट टोकियोत आलं. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तीही याच खेळात.