सिलिॲक असलेल्या घरात घरघंटी आणि ‘ग्लुटेन फ्री’ची पाकिटं: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. घरात सिलिॲकचा, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न चालणाऱ्या आजाराचा पेशंट असेल आणि जेवणात रोज भाकरी असेल, तर घरघंटी (घरगुती पिठाची गिरणी) घ्या. वीसेक हजारांचा खर्च आहे, आवाज मोठा आहे, साफसफाईचं काम वाढतं, तरीही घ्या. तयार ‘ग्लुटेन फ्री’ पाकिटांवर आम्ही त्याआधी भरपूर पैसे घालवले. त्यातली मोजकीच आता घरात येतात. ती कोणत्या निकषावर निवडली तेही पुढे लिहितो.

पेशंट म्हणजे आमची मुलगी, तिसरीत आहे. वजन वाढत नव्हतं, हिमोग्लोबिन औषधं देऊनही खालीच, पोट कायम फुगलेलं. शेवटी टीटीजीची (सिलिॲक ओळखण्यासाठीची) रक्ततपासणी आणि मग एंडोस्कोपी करून बायोप्सी झाली. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत समजावलं की ही साधी ॲलर्जी नाही. ग्लुटेन पोटात गेलं की तिच्याच शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. औषध नाही, पथ्य हाच उपचार आणि तोही जन्मभर. गहू, जव, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) आणि त्यांच्यापासून बनलेलं सगळं बंद.

नातेवाईक म्हणाले, त्यात काय, आपण भाकरी खाणारी माणसं. खरंच आहे ते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, यातल्या एकातही ग्लुटेन नाही. पंजाब-हरियाणातल्या आईबापांपेक्षा या बाबतीत आपण सुदैवी आहोत. पण धान्यात ग्लुटेन नसणं वेगळं आणि ताटातल्या भाकरीत नसणं वेगळं. मधे गिरणी येते.

आमच्या गल्लीतल्या गिरणीत गव्हाचं जातं वेगळं आणि ज्वारी-बाजरीचं वेगळं आहे. गिरणीवाले मामा सज्जन माणूस. मी त्यांना मुलीचं सांगितल्यावर म्हणाले, “भाऊ, तुमचं दळण मी सकाळी सगळ्यात आधी घेत जाईन.” आणि शब्द पाळला. पण एकदा मी तिथे थांबून नीट बघितलं. पीठ जिथून पडतं त्या तोंडाला कापडाची लांब नळी बांधलेली असते. दळण संपत आलं की मामा त्या नळीवर चापट्या मारतात आणि आत चिकटलेलं पीठ भसकन डब्यात पडतं. त्यातलं किती माझ्या ज्वारीचं आणि किती आदल्या दिवशीचं? शेजारचं गव्हाचं जातं तर दिवसभर चालू. त्याची धूळ भिंतीवर, तराजूवर, मामांच्या भुवयांवर. त्यात मामांचा काय दोष? गिरणी अशीच चालते.

एवढ्याशा पिठाने काय होणार, हा प्रश्न मला अजूनही लोक विचारतात, म्हणून हिशेब मांडतो. एका पोळीला साधारण २५ ग्रॅम कणीक लागते आणि त्यात दोन-अडीच ग्रॅम, म्हणजे २००० ते २५०० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सिलिॲकच्या पेशंटना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तर आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा चाळिसावा-पन्नासावा भाग. चिमूटभर कणीक झाली ती. रोजच्या दळणातून तेवढी सहज जाऊ शकते. पेशंटला त्या दिवशी काही त्रास झाला नाही म्हणजे आत काही झालं नाही असंही नसतं.

आता पाकिटांबद्दल. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार ‘ग्लुटेन फ्री’ म्हणायचं तर किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. जगात बहुतेक ठिकाणी हीच मर्यादा धरतात आणि ती वाजवी आहे. १०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तरी फार तर २ मिलिग्रॅम पोटात जाईल. म्हणजे नियम चांगला आहे. प्रश्न एवढाच की हातातलं पाकीट त्या मर्यादेत आहे हे कोणी तपासलं? दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी बाजारातले शेकडो पदार्थ तपासले होते. त्यात ग्लुटेन फ्री लिहिलेल्या आणि मुळातच ग्लुटेन नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या पदार्थांमधले दहा टक्क्यांच्या आसपास नमुने मर्यादेच्या वर निघाले. ओट्सची अवस्था सगळ्यात वाईट होती. आमच्याकडे ओट्स त्या दिवसापासून बंद.

आम्ही एका पिठाची पाकिटं बरेच दिवस आणत होतो. पुढे मोठ्या अक्षरांत ‘ग्लुटेन फ्री’. मागे अगदी बारीक अक्षरांत, ‘गहू व सोया हाताळणाऱ्या कारखान्यात तयार’. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. कारखाना लाइन नीट धुऊन घेत असेल आणि प्रत्येक लॉट तपासत असेल, तर पाकीट वापरायला हरकत नाही. म्हणून मी पाकिटावरचा बॅच नंबर घालून कंपनीला मेल केला की या लॉटचा ग्लुटेनचा रिपोर्ट पाठवा. उत्तरात आमच्या गुणवत्तेची परंपरा वगैरे आलं, रिपोर्ट आला नाही. दुसऱ्या दोन कंपन्यांनी मात्र दोन-तीन दिवसांत प्रयोगशाळेचा रिपोर्ट पाठवला, त्यावर बॅच नंबर होता आणि आकडाही. आम्ही फक्त त्याच दोघांचं घेतो. एक पास्ता, एक बिस्किटं. माझा निकष इतका सरळ आहे. पुढच्या बाजूची अक्षरं कोणीही छापू शकतो, बॅचचा रिपोर्ट ज्याने तपासलंय तोच देऊ शकतो.

पाकिटाच्या मागची ॲलर्जीची ओळ वाचायची सवय सगळ्या घराला लावा, आजी-आजोबांनाही. २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे गहू, जव, राय, ओट्स घटकांत असतील तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. नुसत्या भेसळीची शक्यता असेल तर ‘मे कंटेन’ म्हणून वेगळं लिहितात, पण ते लिहिलं नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. ‘नो मैदा’ म्हणजे बहुतेक वेळा कणीक. मल्टिग्रेन आट्यात पहिला घटक गहूच. नाचणीची बिस्किटं पालटून बघा, कित्येकांत नाचणीच्या आधी मैदा लिहिलेला असतो. दुधात घालायच्या पावडरीत माल्ट असतो, तो जवाचा.

हिंगाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे भलेभले फसतात. डबीतला रोजचा हिंग शुद्ध नसतो. तो बांधणीचा असतो, डिंक आणि कसलं तरी पीठ घालून केलेला, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं. डबीवरच लिहिलेलं असतं, वाचायला भिंग लागतं इतकंच. फोडणीतली एक चिमूट चार माणसांत वाटली गेली तर भाग लहान होतो हे खरं, पण आपल्याकडे हिंग आमटीत, भाजीत, ताकात, लोणच्यात, पापडात, चिवड्यात, सगळीकडे. आम्ही तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग आणतो. आता तो बऱ्याच ठिकाणी मिळतो. वास थोडा सौम्य आहे, आईला सुरुवातीला आवडला नव्हता, आता चालतो. मेतकुटातही गहू असतो, विकतच्या थालीपीठाच्या भाजणीतही. उपवासाच्या भाजणीत गहू नसतो, पण ती कुठल्या गिरणीत दळली हे पाकीट सांगत नाही.

आता घरघंटी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या सगळ्यांची रचना जवळपास सारखीच. एक एचपीची मोटर, वर धान्याचं पाळं, आत फिरणाऱ्या पात्या, त्याभोवती जाळी, खाली पिठाचा डबा. जाळी बदलली की पीठ जाड-बारीक. तासाला पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते, म्हणजे बिलात जाणवत नाही. आवाज मात्र जाणवतो. दुपारी झोपणाऱ्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

नाचणी आणि तांदूळ उत्तम दळले जातात. ज्वारीसाठी जाळी कोणती हे ठरवायला वेळ लागला. फार बारीक केलं की पीठ गरम येतं आणि भाकरी थापताना चिरते. मधली जाळी, मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी आणि चार-पाच दिवसांपुरतंच दळण, हे आम्हाला जमलं. ज्वारीच्या पिठाची विरी (चिकटपणा) लवकर जाते, हे भाकरी करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. दळण घरात असल्याने ताजं पीठ मिळतं हा पथ्यापलीकडचा फायदा, आणि त्यामुळे आता घरातले सगळेच भाकरी जास्त खातात. बाजरीही छान. गहू वगळून केलेली भाजणी (ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धणे, जिरे) भाजून पूर्ण गार करून घाला. कोमट असताना घातली तर जाळी चोंदते. तीळ, शेंगदाणे अजिबात नकोत.

धान्य मात्र निवडूनच घ्यायचं. मळणीयंत्र तेच, पोती तीच, त्यामुळे ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. गोल पांढऱ्या ज्वारीत लांबट तांबूस गहू परातीत लगेच दिसतो. हे काम मुलगी स्वतः करते, आणि दाणा सापडला की मला आणून दाखवते. नाचणी चाळून घेतली की गहू वर राहतो.

आमच्या घरघंटीत गहू एकदाही पडलेला नाही. बाकीच्यांच्या पोळ्यांची कणीक बाहेरून येते, तिचा डबा, परात, पोळपाट, तवा सगळं वेगळं. पोळ्या आधी होत नाहीत, मुलीच्या भाकरी आधी होतात. ओटा पुसूनच कणकेचा डबा उघडायचा. सुरुवातीला कटकट वाटते, पुढे हात आपोआप तसे वळतात.

घरघंटीत दळलेल्या ज्वारीचं पीठ एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवलं. ग्लुटेन मोजता येण्याइतकं आढळलं नाही. तपासणी स्वस्त नाही, पण त्या कागदाने मनावरचं ओझं उतरलं. मुलीचं टीटीजी हळूहळू खाली येत आता नॉर्मलच्या आत आहे, हिमोग्लोबिन वर आलंय, आणि गेल्या वर्षीचे फ्रॉक तोकडे झालेत. सगळं श्रेय यंत्राला देत नाही, हिंगापासून तव्यापर्यंत सगळंच बदललं. पण रोज दोन वेळा पोटात जाणारी गोष्ट भाकरीच आहे.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही. कंपनीचा माणूस डेमो द्यायला येतो तेव्हा गहू दळून दाखवतो. बुकिंग करतानाच सांगा की डेमो तांदळावर हवा. कारखान्यातही चाचणी गव्हावर झालेली असू शकते, म्हणून पेटी उघडल्यावर जाळ्या काढून ब्रशने कोरडं साफ करा, चांगले दोन-तीन किलो तांदूळ दळून ते पीठ टाकून द्या, पुन्हा साफ करा. जुनी, वापरलेली घरघंटी कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. आतल्या खाचांमधलं पीठ निघत नाही.

दुसरं सर्व्हिसिंगचं. आमची जाळी फाटली तेव्हा आलेल्या मुलाने बॅगेतून सुटी जाळी काढून बसवायला घेतली. तिच्या भोकांत पीठ दिसत होतं. मी थांबवलं, कारण सांगितलं. त्याने मुकाट्याने ती परत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सीलबंद जाळी घेऊन आला. तेव्हापासून एक जादा सीलबंद जाळी आणि वेगळा ब्रश आम्ही घरातच ठेवतो, आणि सर्व्हिसवाल्याला त्याचा ब्रश वापरू देत नाही.