वाडीत असेल तेच पानात: वेंगुर्ल्याजवळची एक उन्हाळी खाणावळ

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आरवलीच्या अलीकडे, नारळी-पोफळीच्या एका वाडीत ही घरगुती खाणावळ चालते. एका वेळी सहा माणसांपेक्षा अधिक पाने मांडायची नाहीत असा नियम असल्यामुळे नाव छापू नये, अशी मालकीणबाईंची विनंती आहे आणि ती मी पाळतो आहे. पुण्यातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी अठरा वर्षे काम करतो. बाराही महिने सर्व काही मिळणाऱ्या शीतगृहाची मला सवय झालेली आहे, त्यामुळे या उन्हाळ्यात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे जेवलो, तेव्हा दोन्ही जेवणांत भात आणि सोलकढी सोडली तर एकही पदार्थ समान नव्हता, याचे मला जेवढे आश्चर्य वाटले तेवढे तिथे कोणालाच वाटले नाही.

एप्रिलच्या पानाचा मान ओल्या काजूगरांच्या उसळीकडे जातो. हिरव्या बीच्या सालीतला चीक कातडी भाजतो, म्हणून हाताला तेल किंवा राख लावून बी आदोळीवर (विळीवर) चिरायची, गर काढायचा, गरम पाण्यात टाकून त्याचे साल सोडवायचे, असे हे काम सकाळपासून चालते आणि शेवटी माणशी जेमतेम वाटीभर उसळ हाती येते. वाडीत वेंगुर्ल्याच्याच फळसंशोधन केंद्रातून निघालेल्या ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ या जातींची कलमेही आहेत. ‘सात’ची बी चांगली टपोरी असते. मालकीणबाई मात्र ती वाळवून विकतात आणि उसळीला गावठी झाडाचेच गर घेतात, कारण ते अधिक गोड लागतात असे त्यांचे म्हणणे आहे. वाटपात ओले खोबरे, धणे आणि मिरी एवढेच होते. गराचा दुधाळ गोडवा दबेल असे काहीही त्यात घातलेले नव्हते. हॉटेलात आम्ही सुके काजू सोडा घालून भिजवतो आणि यादीत त्यांना ‘ओले काजू’ म्हणतो, हे इथे कबूल केलेले बरे.

मेमध्ये मी पुन्हा तीच उसळ मागितली. ‘गर संपले, तुम्ही उशिरा इलास,’ एवढेच उत्तर मिळाले. त्याऐवजी जे पानात आले त्यात रायवळ आंब्यांचे सासव, म्हणजे मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातले आंब्यांचे कालवण, सर्वांत वरचे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पेट्या देशोदेशी जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु सासवाला हापूस चालत नाही. त्याला धागेदार, आंबट-गोड, मुठीत मावेल असा बिटकीएवढा आंबाच लागतो. तो सोलून कोयीसकट रसात सोडतात आणि खाणाऱ्याने तो हातात धरून चोखायचा असतो. मोहरी वाटणात जास्त वेळ फिरली तर कडू होते, म्हणून ती इथे अगदी शेवटी, जेमतेम ठेचून घातलेली होती. गुळाचा हात किंचित सैल वाटला, तरीही मी तीन आंबे संपवले.

बांगड्याचे तिरफळ घातलेले कालवणही याच तोडीचे होते. तिरफळ वाटायचे नाही, बोटांनी दाबून बिया काढून टाकायच्या आणि सालीच रश्शात सोडायच्या, ही गोष्ट मी तरुण स्वयंपाक्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. तिचे इतके नेमके पालन मात्र क्वचितच पाहिले. बरक्या फणसाचे सांदण (फणसाच्या रसात तांदळाचा रवा घालून उकडलेला गोड पदार्थ) नारळाच्या दुधासोबत आले. ते हलके होते, पण वेलची नको इतकी होती.

सोलकढीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. एप्रिलच्या सुरुवातीला रातांबे (कोकमाची फळे) सहसा पिकलेले नसतात, त्यामुळे तेव्हाची कढी गेल्या वर्षीच्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, गडद आणि खारट होती. मेमध्ये अंगणात ताज्या साली मिठात मुरत होत्या, शेजारी सोले (वाळवलेली कोकमे) उन्हात पडली होती, आणि त्याच त्या साली पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवण्याचे काम घरातली मुले करत होती. नव्या आगळाच्या कढीचा रंग फिका गुलाबी आणि आंबटपणा टोकदार असतो. मीठ शिरोड्याच्या मिठागरातले, जाडे. दीड महिन्याच्या अंतराने एकाच कढीच्या या दोन चवी घेता येणे, हे माझ्या मते या खाणावळीतले सर्वांत मोठे सुख आहे.

आता उणिवा. शहरातले पाहुणे सुरमई मागतात म्हणून ती ठेवलेली असते, आणि ती बर्फातली होती हे पहिल्या घासालाच कळले. विचारल्यावर ते लपवले गेले नाही, पण ताटाचा दर तोच राहिला. पनीरची एक भाजीही अशाच कारणाने शिरली आहे, तिला त्या वाडीत काही काम नाही. मेच्या भेटीत सहाचा नियम मोडून बारा माणसे बसवलेली होती, परिणामी तांदळाच्या भाकऱ्या गार झाल्या आणि वाढपात अर्धा तास गेला. आंबा पेंढ्यातल्या अढीत पिकवलेला, उत्तम होता, पण जेवणानंतर तो कापून फ्रीजमध्ये ठेवून आणण्याची गरज नव्हती.

आदल्या दिवशी फोन करून जावे, पैसे रोख द्यावेत आणि जेवणाआधी वाडीतून एक फेरी मारावी. पाटाच्या कडेने मिरवेली चढलेल्या पोफळींखाली भर दुपारीही ऊन लागत नाही. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते आणि मृग लागला की ही खाणावळही मिटते. निघताना मी आगळाच्या दोन बाटल्या घेतल्या आणि पुढच्या वर्षीच्या मार्चअखेरची तारीख मालकीणबाईंच्या कॅलेंडरवर, काजूगरांच्या नावाने, लिहून घ्यायला लावली.