जॉप्लिन टर्मिनल, आठ महिन्यांनी: सगळं उत्तम, फक्त पहाटेची तारीख सांभाळा

"दहा तारखेच्या रात्री आईंनी काय खाल्लं होतं?" डॉक्टरांनी यादीवर बोट ठेवून विचारलं. ११ जूनपुढे उपाशीपोटीची शुगर १९२ होती. मी म्हटलं, मुगाची खिचडी, तीही अर्धी वाटी. "मग रात्रीचं इन्सुलिन दोन युनिट वाढवून बघू."

ती यादी मी जॉप्लिन या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमधून काढली होती आणि तिच्यातली तारीख चुकलेली होती.

आधीच्या नोंदींच्या अ‍ॅपने वर्षाची वर्गणी वाढवली तेव्हा मी ते सोडलं. बाहेर पडताना एकेक नोंद उघडून पीडीएफ करावी लागली, चार रविवार गेले. तेव्हाच ठरवलं, यापुढे जिथून सगळं एका आज्ञेत बाहेर काढता येईल तिथेच लिहायचं. जॉप्लिन फुकट आहे, फोनवर चालतं, ड्रॉपबॉक्स या ऑनलाइन साठवणीच्या फुकटच्या २ जीबीत माझं सगळं मावतं. घरच्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपला डेस्कटॉप आवृत्ती झेपेना, म्हणून टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायची, घेतली.

पहिल्या दिवशी एक्स्पोर्ट केलं, म्हणजे नोंदी बाहेर काढल्या, तर फोल्डर रिकामं. पोटात गोळाच आला. नंतर कळलं की टर्मिनल आणि डेस्कटॉप आपापला डेटा वेगळ्या जागी ठेवतात. टर्मिनलमध्ये आधी सिंक करायचं, म्हणजे ड्रॉपबॉक्समधल्या नोंदी उतरवून घ्यायच्या, मगच एक्स्पोर्ट. हे एकदा लक्षात आलं की पुढे त्रास नाही. वहीमागे (जॉप्लिनमधला नोंदींचा गट) एक फोल्डर, नोंदीमागे एक मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराची, फाइल, आणि प्रिस्क्रिप्शनचे फोटो रिसोर्सेसच्या फोल्डरमध्ये, नोंदीतल्या जोडण्या शाबूत. देवनागरीचा एकही काना-मात्रा हलला नाही. हव्या त्या एकाच वहीचं एक्स्पोर्टही करता येतं. मी फक्त आईची वही काढते.

आता तारखेचं. साध्या मार्कडाउनमध्ये नोंद कधी केली ते येतच नाही. म्हणून मी फ्रंटमॅटरवाला प्रकार निवडला. त्यात फाइलच्या डोक्यावर शीर्षक, टॅग, नोंद केल्याची आणि बदलल्याची वेळ येते. वेळेच्या शेवटी एक 'झेड' असतो. मला तो कचरा वाटला. यादी करताना मी वेळ आणि झेड दोन्ही छाटून फक्त तारीख ठेवली.

दवाखान्यातून घरी आल्यावर चैन पडेना. खिचडीवर १९२? ग्लुकोमीटरची मेमरी मागे नेत गेले. १९२ होतं, पण १२ जूनला, पहाटे ५ वाजून ८ मिनिटांनी. मूळ फाइल उघडली तर तिथे ११ जून, २३:४०. झेड म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाणवेळ, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. पहाटे साडेपाचच्या आत केलेली प्रत्येक नोंद आदल्या दिवसाच्या नावावर जाते. आई पाचला उठते. म्हणजे आठ महिन्यांच्या जवळजवळ सगळ्या उपाशीपोटीच्या नोंदी एक दिवस मागे, आणि रात्री नऊच्या मात्र बरोबर! ११ च्या रात्री आमरस होता. डॉक्टरांना लगेच फोन केला, डोस होता तोच राहिला.

त्या रात्री मी इतकी चिडले होते की जॉप्लिन काढूनच टाकणार होते. दोन दिवसांनी शांतपणे पाहिलं तेव्हा पटलं की साधनाने खोटं काही लिहिलं नव्हतं. झेड छाटला मी. तरी माझं म्हणणं कायम आहे: घरगुती नोंदी ठेवणाऱ्या माणसाला स्थानिक वेळेत एक्स्पोर्ट करायचा पर्याय हवाच. मी वापरते त्या आवृत्तीत मला तो सापडला नाही. औषधं, शुगर, बाळाचं दूध, पहाटेची ड्यूटी, सगळ्यांना ही तारीख चुकीची दिसणार.

उपाय सोपा निघाला. लिनक्स या संगणकप्रणालीच्या 'डेट' आज्ञेला झेडसकट वेळ दिली की ती लॅपटॉपच्या घड्याळाप्रमाणे वेळ देते. २३:४० चे दुसऱ्या दिवशीचे ०५:१० होतात. एक्स्पोर्टनंतर ती आज्ञा सगळ्या फाइलींवर फिरवणारी छोटी स्क्रिप्ट केली. आता दर रविवारी आधी सिंक, मग एक्स्पोर्ट, मग तारखा, मग पेनड्राइव्हवर प्रत.

वर्गणी वाचली, नोंदी माझ्या हातात आहेत, म्हणून जॉप्लिन राहणार. डॉक्टरांकडे नवी यादी दिली आहे. तिच्यात १९२ हा आकडा १२ जूनपुढे आहे, आणि ११ च्या रात्रीपुढे मी लिहिलंय, दोन वाट्या आमरस.