एकच ‘टर्न ऑफ’, सगळी मोडल क्रियापदं: टिळकवाडीतल्या इंग्रजी वर्गाचा एक धडा

बेळगावात इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या वर्गांना तोटा नाही. बहुतेक ठिकाणी मोडल क्रियापदांचा (कॅन, मस्ट, शुड अशी, दुसऱ्या क्रियापदाच्या आधी येणारी क्रियापदं) धडा म्हणजे फळ्यावर दोन रकाने: कॅन म्हणजे शकतो, मस्ट म्हणजे पाहिजे. फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे क्रियापदाला ऑफसारखा शब्द जोडून बनलेल्या क्रियापदांची, यादी वेगळ्या दिवशी, ती पाठ करायची. टिळकवाडीत संध्याकाळी भरणाऱ्या या वर्गात मात्र दोन्ही एकत्र शिकवतात, आणि तेही एकाच क्रियापदावर: टर्न ऑफ. उद्यमबागेतून शिफ्ट संपवून येणाऱ्यांना मशीन, मोटर, कूलंट पंप (मशीनला थंड ठेवणारं द्रव सोडणारा पंप) बंद करणं रोजचंच, त्यामुळे निवड अगदी योग्य आहे. निपाणी-खानापूरकडच्या मराठी शाळांतून शिकून कामाला लागलेल्यांनी हा धडा जरूर करावा.

सुरुवात होते ती आपल्याकडे सर्रास ऐकू येणाऱ्या चुकीपासून: ‘यू शुड ऑफ द मशीन’. आपण ‘ऑफ कर’ म्हणतो. इंग्रजीत जाताना त्यातला ‘कर’ गळतो आणि ऑफच क्रियापद होऊन बसतं. शिकवणाऱ्या मॅडम आधी ‘टर्न’ जागेवर आणतात, मग त्याच्या पुढे मोडल लावतात. मोडलनंतर क्रियापद मूळ रूपात राहतं. टू नाही, एस नाही, आयएनजी नाही. ‘ही मस्ट टर्न ऑफ द पंप’ बरोबर. ‘ही मस्ट टू टर्न ऑफ’ चूक, ‘ही मस्ट टर्न्स ऑफ’ही चूक. हा टू आपल्या तोंडात येतो कुठून, तेही त्या दाखवतात. ‘बंद करायला पाहिजे’ म्हणायची सवय असते, आणि त्या ‘करायला’साठी आपण इंग्रजीत जोडीदार शोधत बसतो. त्यात भर म्हणजे हॅव टू आणि ऑट टू यांच्यात टू खरोखरच असतो.

धड्यातला सगळ्यात कसदार भाग कन्नडच्या आधाराने शिकवलेला आहे. मराठीत मी शकतो, ती शकते, ते शकतात; माणूस बदलला की रूप बदलतं. कन्नडमध्ये नानु माडबेकु, अवळु माडबेकु, अवरु माडबेकु, म्हणजे मला, तिला, त्यांना करायला पाहिजे. बेकु कुणासाठीही बदलत नाही, आणि मस्टही बदलत नाही. बाजारात, बसमध्ये कन्नड बोलणाऱ्या सीमाभागातल्या माणसाच्या कानाला ही घडण आधीच ओळखीची असते. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत हा आधार मिळणार नाही. नकारात तर त्याचा फारच उपयोग होतो. ‘पंप बंद करायला नको’ याचे मराठीत दोन अर्थ निघतात: करू नकोस, किंवा करायची गरज नाही. कन्नडमध्ये माडबारदु वेगळं आणि माडबेकागिल्ल वेगळं. पहिलं म्हणजे ‘यू मस्ट नॉट टर्न इट ऑफ’, हात लावायचा नाही. दुसरं म्हणजे ‘यू डोन्ट हॅव टू टर्न इट ऑफ’, चालू राहिला तरी हरकत नाही. मशीनवर काम करणाऱ्याने या दोन वाक्यांत गल्लत केली तर जॉब, म्हणजे मशीनवर चढवलेला भाग, खराब होतो किंवा त्याहून वाईट काही घडतं. म्हणून या भागाला दिलेला वेळ सार्थकी लागतो.

ऑफची जागाही नीट शिकवली आहे. ‘टर्न ऑफ द पंप’ आणि ‘टर्न द पंप ऑफ’ दोन्ही चालतं, पण नामाऐवजी इट आलं की ते मध्येच बसतं: ‘कुड यू टर्न इट ऑफ?’ इथे ‘टर्न ऑफ इट’ चालत नाही. ‘दुसऱ्या मशीनचा कूलंट पंप’ असा लांबलचक शब्दसमूह असेल तर तो ऑफच्या नंतरच ठेवावा. सूचनाफलकासाठी ‘मस्ट बी टर्न्ड ऑफ’ हे रूप दिलंय. घाईत लिहिताना त्यातला शेवटचा ऑफ सुटला, तर बंद करायचं राहून फिरवायचं असा अर्थ होतो.

आता उणिवा. भूतकाळाचं पान पुन्हा लिहायला हवं. त्यावर कॅनचा भूतकाळ कुड आणि मस्टचा भूतकाळ मस्ट हॅव असं सरळ छापलंय. ‘काल मला पंप बंद करावा लागला’ याचं इंग्रजी ‘आय हॅड टू टर्न ऑफ द पंप’. ‘ही मस्ट हॅव टर्न्ड इट ऑफ’ म्हणजे त्याने तो बंद केला असणार, हा अंदाज झाला. शिफ्टच्या रजिस्टरमध्ये असं लिहिलं, तर वाचणारा पंप बघायला उठेल. ‘शुड हॅव टर्न्ड इट ऑफ’ म्हणजे बंद करायला हवा होता, पण केला नाही. कुडचंही तेच, तो प्रत्येक वेळी कॅनचा सरळ भूतकाळ होत नाही. एखाद्या वेळी प्रयत्नाने बंद करू शकलो, तर ‘आय वॉज एबल टू टर्न इट ऑफ’ म्हणावं. जमलंच नाही, तर ‘आय कुडन्ट टर्न इट ऑफ’ ठीक. ‘बंद करू शकेल’साठी ‘विल कॅन’ म्हणणारे बरेच असतात. दोन मोडल एकापाठोपाठ येत नाहीत, तिथे ‘विल बी एबल टू’ लागतं. या पानावर त्याची एक ओळही नाही.

दुसरी उणीव ऐकण्याच्या सरावाची. सगळा धडा कागदावर आहे. बोलताना ‘आय कॅन टर्न इट ऑफ’मधला कॅन दबून ‘कन’ होतो आणि जोर शेवटच्या ऑफवर येतो. ‘कान्ट’मध्ये मात्र स्वर पूर्ण ऐकू येतो आणि त्यावर जोर असतो, पुढे टर्न आल्यामुळे त्याचा ट वेगळा कळतच नाही. म्हणजे हो की नाही, हे ट वरून नव्हे, स्वरावरून आणि जोरावरून ओळखायचं. आपण कॅन ठासून उच्चारतो, त्यामुळे फोनवर समोरच्याला तो कान्ट वाटू शकतो. मॅडमनी रोज दहा मिनिटं ही दोन वाक्यं नुसती ऐकवली तरी पुष्कळ फरक पडेल. तोवर मशीनच्या आवाजात नकार द्यायचा असेल, तर कान्टऐवजी ‘कॅनॉट’ म्हणा आणि ‘नॉट’वर जोर द्या.