होम लोन रिव्ह्यू : पगार बायकोचा जास्त, बँकेच्या डोक्यात मात्र मीच (३/५)

दिवाळीनंतर पुण्यात रीसेलचा टू बीएचके घेतला, ७५ लाखांना, त्यासाठी ६० लाखांचं होम लोन केलं. बँकेचं नाव लिहित नाही, ब्रँचमधली पोरं चांगली होती आणि दुसरीकडे गेलो असतो तरी हेच झालं असतं असं मला वाटतं.

आधी चांगलं. फाईल लॉगिन झाल्यापासून ११ दिवसांत सँक्शन लेटर हातात. लीगल आणि व्हॅल्युएशनवाले सांगितलेल्या दिवशी आले, प्रोसेसिंग फी घासाघीस करून निम्म्यावर आणली, कागदांसाठी हेलपाटे फारसे नाहीत.

आता पुढचं. माझा इनहँड ५८ हजार, बायकोचा १ लाख ४ हजार. पहिला फोन एजंटचा आला, सर तुमचा पगार किती आणि मॅडम काही करतात का. मी ७० म्हणालो. का म्हणालो देव जाणे, बोनस-बिनस धरून मनातल्या मनात जुळवलं. मग फोन बायकोकडे दिला तर ती म्हणे साधारण ९०. फोन ठेवल्यावर मी विचारलं तुझे १४ कुठे गेले, तर म्हणे तुझे १२ वाढले ना, त्यात धर. नंतर वाचलं की अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोच्या दोघा संशोधकांनी २०१८ मध्ये हेच तपासलं होतं. लोकांनी सर्व्हेत सांगितलेला पगार आणि टॅक्स रेकॉर्डमधला पगार शेजारी ठेवला, तर जिथे बायको जास्त कमावते तिथे इतर जोडप्यांच्या मानाने नवऱ्याचा आकडा जवळपास ३ टक्के फुगवलेला आणि बायकोचा दीड टक्का उतरवलेला निघाला. मी तर थेट २० टक्के फुगवला होता.

पण सॅलरी स्लिप खोटं बोलत नाही. ब्रँचमध्ये दोघांच्या स्लिपा टेबलावर ठेवल्या, ऑफिसरने वरची उचलली, स्क्रीनवर माझ्या नावापुढे टाइप केलं आणि म्हणाला, "सर, एक लाख चार ना?" मी लगेच नाही म्हणालो नाही. दोन सेकंद असतील फार तर, पण बायकोने माझ्याकडे बघितलं ते मला दिसलं. मग मी म्हणालो, ती मॅडमची. तो बिचारा सॉरी सॉरी करायला लागला, जणू माझा अपमान केला. माझ्या एकट्याच्या पगारावर हप्ता निम्म्यापर्यंत धरला तर लोन बसत होतं ३३ लाखांच्या आसपास, म्हणजे घर कोणामुळे होतंय ते गणितच सांगत होतं.

पहिली अर्जदार बाई असेल तर या बँकेत ०.०५ टक्के व्याज कमी आहे, हे आम्हाला कोणी आपणहून सांगितलं नाही, बायकोने विचारलं म्हणून कळलं. आमच्या लोनवर महिन्याला १९० रुपयांच्या आसपास, २० वर्षांत ४५ हजार. स्टॅम्प ड्युटीत महाराष्ट्रात २०२१ पासून बाईला १ टक्का सवलत आहे, म्हणजे आमचे ७५ हजार वाचले, पण घर फक्त बाईच्या नावावर हवं, नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. म्हणून अॅग्रीमेंटवर ती एकटी, मी फक्त को-अॅप्लिकंट. आईने विचारलं तुझं नाव कुठे. मी म्हटलं हप्त्यात आहे.

स्टार कापले ते इन्शुरन्ससाठी. लोनसोबत पॉलिसी गळ्यात मारली जाते हे माहीत होतं, सक्तीची नसते हेही. प्रीमियम लोनमध्येच मिळवायचा म्हणजे त्यावरही २० वर्षं व्याज. पण कोटेशन उघडलं तर कव्हर पूर्ण ६० लाखांचं, आणि ते माझ्या एकट्याच्या जिवावर! हप्ता ५२ हजारांचा, त्यातला मोठा वाटा ती भरणार, उद्या तिला काही झालं तर ५८ हजारांतून मी ५२ भरून खाऊ काय? ऑफिसर म्हणाला, सर नॉर्मली हजबंडचाच काढतात. शेवटी बँकेची पॉलिसी सोडली आणि बाहेरून दोघांचे वेगळे टर्म प्लॅन घेतले, तिचा ४० लाखांचा, माझा २० चा. घेताना हे नक्की बघा, कोणाच्या नावावर कव्हर टाकलंय ते.

यापेक्षा इन्कम टॅक्सवाले शहाणे. लहान मुलांच्या एफडीचं व्याज आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरतात, बाप म्हणून नाही. आमच्या पोरीचं तिच्या आईच्या रिटर्नमध्ये जातं.

अजून एक बाकी आहे. हप्ता तिच्या अकाउंटमधून जातो, मेसेज मात्र माझ्या मोबाइलवर येतो. दोन वेळा अर्ज दिला, दोन्ही वेळा "नोंद घेतली आहे" आलं, तेही माझ्याच मोबाइलवर.